एलसीतल्या तारखा: हळदीच्या पहिल्या थेट निर्यातीचा माझा अनुभव

गेल्या हंगामात आमच्या दुकानाचा माल पहिल्यांदा आमच्याच नावावर परदेशी गेला. सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात आजोबांपासून आमचा हळदीचा व्यापार आहे, पण आजवर आम्ही मुंबईच्या निर्यातदाराला माल द्यायचो आणि पुढचं सगळं तो बघायचा. या वेळी सौदीतल्या जेद्दाहच्या एका व्यापाऱ्याने राजापुरी हळकुंडाचे दोन कंटेनर थेट मागितले, पैसे एलसीवर, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटवर. आयईसी कोड (आयात-निर्यात करणाऱ्याचा सरकारी क्रमांक), स्पायसेस बोर्डाची नोंदणी, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला) ही कामं वेळखाऊ असली तरी सरळ आहेत. अर्ज, फी, पाठपुरावा, झालं. मी लिहितेय ते एलसीत येणाऱ्या वेळेच्या इंग्रजी शब्दांबद्दल. छोट्या व्यापाऱ्याचे पैसे अडकतात ते बहुतेक वेळा मालापायी नाही, तारखांपायी, असं माझं आता ठाम मत झालंय.

एलसी म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने विकणाऱ्याला दिलेली हमी: ठरलेले कागद ठरलेल्या मुदतीत दाखवा, पैसे आम्ही देऊ. बँक हळद बघत नाही, कागद बघते. हळकुंड कितीही पिवळंधमक असो, बिल ऑफ लेडिंगवरची (बीएल, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) तारीख एका दिवसाने चुकली तर बँकेला पैसे थांबवायचा अधिकार आहे. हे सगळं चालतं यूसीपी ६०० या नियमावलीवर. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची ही नियमावली १ जुलै २००७ पासून लागू आहे, कलमं ३९. पहिली आवृत्ती १९३३ ची.

एलसीचा मसुदा ईमेलवर आला तेव्हा मी तो घेऊन विश्रामबागेत आमच्या ओळखीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी उभी हयात परकीय चलन विभागात काढलेली. मसुदा हातात घेण्याआधीच ते म्हणाले, "तुला इंग्रजी येतं ना, ते जरा बाजूला ठेव. आधी यूसीपीचं कलम तीन वाच, मग हा कागद वाच. इथल्या शब्दांचे अर्थ डिक्शनरीत नाहीत, तिथं आहेत."

कलम तीन अर्धं-पाऊण पान आहे. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं, पाठ होईस्तोवर.

त्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'फ्रॉम'. आमच्या मसुद्यात तो दोन ठिकाणी होता. एक, पहिल्या कंटेनरचा माल चढवायची मुदत: फ्रॉम १ एप्रिल टू २० एप्रिल. दोन, पैशाची मुदत: ६० डेज फ्रॉम बीएल डेट. नियम असा, की माल चढवण्याचा काळ सांगताना फ्रॉम, टू, टिल, अंटिल आणि बिटवीन हे शब्द आले तर सांगितलेली तारीख मोजायची. म्हणजे १ एप्रिललाही माल चढला तर चालतो, २० लाही चालतो. पण पैसे कधी देय होणार ते ठरवताना फ्रॉम आला तर ती तारीख सोडून द्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून मोजायला लागायचं. बीएलची तारीख १२ एप्रिल असेल, तर १३ ला पहिला दिवस. एप्रिलचे १८, मेचे ३१ आणि जूनचे ११, म्हणजे पैसे ११ जूनला. एकाच कागदावर, दोन ओळींच्या अंतरावर, तोच शब्द एकदा दिवस धरतो आणि एकदा सोडतो. आफ्टर मात्र दोन्हीकडे तारीख सोडतो. बिफोरसुद्धा माल चढवण्याच्या मुदतीत तारीख सोडतो, म्हणजे 'बिफोर २० एप्रिल' लिहिलं असतं तर आम्हाला १९ तारखेपर्यंतच वाव होता.

एका दिवसाने काय होतंय, असं कुणी म्हणेल. ज्यांनी न्हावाशेवाला जहाजाची वाट बघितलीय ते म्हणणार नाहीत.

मसुद्यात आणखी एक वाक्य होतं: शिपमेंट ऑन ऑर अबाउट १५ एप्रिल. कानाला हे 'पंधराच्या आसपास' असं सैल वाटतं. नियमात ते अजिबात सैल नाही: आधीचे पाच दिवस, नंतरचे पाच दिवस, दोन्ही टोकं धरून. म्हणजे १० ते २० एप्रिल. आता एका ओळीत १ ते २० आणि दुसरीत १० ते २०, यातलं कुठलं खरं? ५ तारखेचं जहाज मिळालं असतं तर जेद्दाहच्या बँकेने कुठल्या ओळीवर बोट ठेवलं असतं, सांगता येत नाही. गंमत अशी, की हाच अबाउट वजनाच्या किंवा रकमेच्या आधी आला तर त्याचा अर्थ दहा टक्के कमी-जास्त असा होतो, ते कलम तीसमध्ये. तारखेजवळ एक माप, वजनाजवळ दुसरं.

महिन्याचेही असेच तुकडे पाडलेत. फर्स्ट हाफ म्हणजे १ ते १५, सेकंड हाफ म्हणजे १६ पासून अखेरपर्यंत. बिगिनिंग १ ते १०, मिडल ११ ते २०, एंड २१ पासून शेवटच्या दिवसापर्यंत. आमचा दुसरा कंटेनर 'एंड ऑफ मे' ला जायचा होता. आमच्या यार्डात मे एंड म्हणजे तीस-एकतीस तारीख. एलसीत तो २१ मेलाच सुरू होतो. हे आधी कळलं म्हणून माझ्या वडिलांनी, आण्णांनी, दुसऱ्या लॉटचा माल वेळेत बांधून ठेवला. हप्त्याहप्त्याने माल पाठवायचा असेल तर हे फारच जपायला हवं, कारण एखाद्या हप्त्याला दिलेला काळ चुकला, तर तो हप्ता आणि त्यापुढचे सगळे हप्ते एलसीच्या बाहेर जातात.

'प्रॉम्प्ट', 'इमिजिएटली', 'ॲज सून ॲज पॉसिबल' हे शब्द मसुद्यात जागोजागी होते. माल पाठवा इमिजिएटली, कळवा इमिजिएटली. नियम म्हणतो, एखाद्या कागदावर तसे शब्द छापायलाच सांगितले नसतील तर बँकेने त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं. ज्या शब्दांनी माझी झोप उडाली होती ते बँकेच्या लेखी नव्हतेच.

आता पैशाच्या मुदतीचं. रात्री जेवताना आण्णांना सांगत होते, तर ते म्हणाले, "अगं, ही मुदती हुंडीच की! आमच्या बाबांच्या वेळची." आणि खरंच तसं आहे. ॲट साइट म्हणजे दर्शनी, युजन्स म्हणजे मुदती. आजोबांच्या वेळच्या पेठेत हे दोन्ही शब्द रोजचे होते. हुंडी दाखवली की पैसे ती दर्शनी, ठरलेले दिवस गेले की पैसे ती मुदती. आण्णांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला, आणि तो माझ्या मते संपूर्ण व्यवहारातला सगळ्यात मोलाचा प्रश्न होता: "मुदत कशापासून? दाखवल्यापासून, का माल निघाल्यापासून?" आफ्टर साइट लिहिलं तर साठ दिवस सुरू होतात कागद बँकेच्या नजरेला पडल्यावर, कुरिअरचे, सुट्ट्यांचे, तपासणीचे दिवस आपल्या डोक्यावर. फ्रॉम बीएल डेट लिहिलं तर माल जहाजावर चढला त्या दिवशीच पैशाची तारीख पक्की होते. दोन्हीकडे आकडा साठच, पण पैसे हातात यायला आठवड्यांचा फरक पडू शकतो. शेतकऱ्याचे पैसे आपण सौद्यानंतर लगेच देतो, त्यामुळे हे आठवडे आपल्याच भांडवलातून जातात.

देशातल्या देशात हुंडी किंवा बिल काढणाऱ्यांसाठी एक सांगते. आपला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट १८८१ सालचा आहे. त्यात मुदती बिलाला तीन दिवसांची सवलत मिळते, आणि देय दिवस सार्वजनिक सुट्टीचा निघाला तर तो अलीकडे येतो, आधीच्या कामाच्या दिवसावर. एलसीत कागद सादर करायचा शेवटचा दिवस बँकेच्या सुट्टीला आला तर तो पलीकडे जातो, पुढच्या कामाच्या दिवसावर. पण माल चढवायची शेवटची तारीख मात्र सुट्टीमुळे एक दिवसही हलत नाही. रविवार असो, पाडवा असो, जहाजावर चढलं ते चढलं.

मसुद्यात खरा धोका मला एक्स्पायरीच्या, म्हणजे एलसीची मुदत संपण्याच्या, रकान्यात दिसला. त्यात तारीख असते तसं ठिकाणही असतं. आमच्या मसुद्यात ठिकाण जेद्दाह होतं. म्हणजे २१ जून ही तारीख आमच्यासाठी २१ जून नव्हतीच. त्या दिवशी कागद जेद्दाहच्या बँकेच्या टेबलावर पाहिजेत, सांगलीतून पाठवून उपयोग नाही. वाटेत कुरिअर अडलं तर जबाबदार कोण? मी खरेदीदाराला लिहिलं की ठिकाण भारत करा, ऑन ऑर अबाउटची ओळ काढा, दुसऱ्या कंटेनरच्या दोन्ही तारखा आकड्यांत लिहा. दोन-तीन फोन झाले. तो माणूस समजूतदार होता, मसुद्यातच बदल करून एलसी उघडली. उघडल्यानंतर बदल करायचे तर त्याची बँक आणि आपण दोघांची संमती लागते आणि बदलाचा खर्चही येतो, म्हणून मसुदा मागवूनच घ्यावा. कुणाला त्याचा राग येत नाही.

ईमेलवरच्या बोलण्यात निराळीच काळजी घ्यावी लागली. 'बाय थर्सडे' म्हणजे गुरुवारी किंवा त्याआधी काम संपवून द्या. 'अंटिल थर्सडे' म्हणजे गुरुवारपर्यंत ते चालू राहू द्या. आपण दोन्हीकडे गुरुवारपर्यंत म्हणतो आणि वाक्यावरून समजून घेतो. खरेदीदाराने दर 'अंटिल थर्सडे' धरून ठेवायला सांगितला होता, आणि लॅबचे रिपोर्ट 'बाय थर्सडे' मागितले होते. पॅकिंगची माहिती 'बाय-वीकली' मागितली, त्याचा अर्थ आठवड्यातून दोनदाही होतो आणि दोन आठवड्यांतून एकदाही. मी उत्तरात दर सोमवारी आणि गुरुवारी पाठवते असं लिहून विषय संपवला. त्यानंतर आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक पत्रात वार आणि तारीख दोन्ही घालायची पद्धत लावली.

कंटेनर यार्डातून संध्याकाळी निघाला. पेठनाका, कराड, सातारा, खंबाटकी करत रात्रभर गाडी चालली. बंदराच्या कट-ऑफच्या, म्हणजे कंटेनर घ्यायच्या शेवटच्या वेळेच्या, आधी आत शिरली, पण जहाजाची सुटायची वेळ पुढे सरकली. इथे 'शिपमेंट' या शब्दाचा अर्थ कळीचा ठरतो. सांगलीतून गाडी निघाली तो दिवस नाही, बंदरात पोचली तोही नाही. बीएलवर शिप्ड ऑन बोर्ड अशी नोंद आणि तिची तारीख असते, ती शिपमेंटची तारीख. आमची ती १२ एप्रिल आली. क्लिअरिंग एजंटने बीएलचा मसुदा पाठवला तेव्हा मी सगळ्यात आधी तेवढंच बघितलं. विम्याच्या कागदाची तारीखही यानंतरची चालत नाही, तोही जोडीला तपासला.

आणि मग एकवीस दिवसांचा नियम. शिपमेंटनंतर २१ दिवसांत कागद बँकेत गेले पाहिजेत, आणि तेही एक्स्पायरीच्या आत. एलसीत वेगळा आकडा दिला नसेल तर हाच धरतात. एक्स्पायरी २१ जून असली तरी १२ एप्रिलनंतरचे २१ दिवस ३ मेला संपतात. म्हणजे पहिल्या कंटेनरच्या कागदांची खरी शेवटची तारीख ३ मे होती, आणि ती एलसीत कुठेही छापलेली नव्हती. मध्ये महाराष्ट्र दिनाची सुट्टी. ज्यांची पहिली एलसी आहे त्यांनी बीएल हातात पडताच ही तारीख काढून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. मी ती यार्डात आणि घरात दोन्हीकडे लिहिली, आणि कागद एप्रिलमध्येच बँकेत दिले.

यानंतर बँकेचे दिवस सुरू झाले. कागद हाती आल्यावर दुसऱ्या दिवसापासून जास्तीत जास्त पाच 'बँकिंग डे' तपासणीला असतात. बँकिंग डे म्हणजे जिथे काम व्हायचंय तिथली बँक उघडी असलेला दिवस. आपल्याकडे रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार बंद. सौदीत २०१३ पासून शुक्रवार-शनिवार बंद. तिथे बुधवारी पोचलेल्या कागदांचा पहिला दिवस गुरुवार, दुसरा थेट रविवार, पाचवा पुढचा बुधवार. आपण शुक्रवारी निरोपाची वाट बघत बसलो तर उगाच जीव टांगणीला लागतो. आण्णांना मी हे आधीच समजावून ठेवलं होतं, तरी ते रोज विचारायचे, "आला का गं निरोप?"

निरोप आला: कागद स्वीकारले, देय तारीख ११ जून. माझ्या वहीतलीच तारीख. पैसे त्या दिवशी जमा झाले. दुसरा कंटेनर २१ ते ३१ मे अशा लेखी तारखांमध्ये गेला, त्याचेही कागद पहिल्या तपासणीत मंजूर झाले. आता हरिपूर रस्त्यावरच्या आमच्या एका नातेवाइकांना बेदाण्याची एलसी येतेय; मसुदा आला की त्यांच्याबरोबर बसून फ्रॉम, आफ्टर आणि एक्स्पायरीचं ठिकाण आधी बघणार आहोत.