आंबापोळी, फवारणी आणि ०.०१ चा आकडा

मागच्या मे महिन्यात पुण्याच्या एका ताईंचा फोन आला, दरवर्षी माझ्याकडून दोन किलो आंबापोळी नेतात त्या, आणि म्हणाल्या, नातवाला एक वर्ष झालंय, त्याला द्यायचीय, तुमच्याकडे औषधाच्या अंशाचा रिपोर्ट आहे का. मी म्हटलं साखरसुद्धा कमी घालते हो, प्रिझर्वेटिव्ह तर नाहीच. त्या म्हणाल्या तसं नाही, आंब्यावर मारतात ते औषध पोळीत येतं का. मला उत्तर देता आलं नाही. फोन ठेवला आणि संध्याकाळपर्यंत तेच डोक्यात.

आमच्याकडे पोळी कशी होते ते सांगते. देवगडला मे संपत आला की कॅनिंगचा आंबा निघतो, बारीक, डागी, देठाकडे चीक लागलेला, पेटीत न जाणारा, तो किलोवर जातो. तोच मी घेते. धुताना देठाच्या खळग्यात पांढुरके ठिपके दिसतात, ते अंगठ्याने चोळल्याशिवाय जात नाहीत. सासूबाई तीन वेळा पाणी बदलायला लावतात, त्यांना एमआरएल (खाण्यात औषधाचा जास्तीत जास्त किती अंश चालतो ती मर्यादा) वगैरे काही माहीत नाही पण "पैलो पानी गढूळच येता" एवढं माहीत आहे. मग साल काढून रस, तूप लावलेल्या ताटात पातळ थर, ऊन, दुसऱ्या दिवशी त्यावर परत थर, आणि पाऊस आला की धावपळ.

आता यातला अर्धा भाग चांगला आहे. वरवर बसणारं औषध बरंचसं सालीवर राहतं, धुण्यात आणि सोलण्यात जातं. पण इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही तुडतुड्यांसाठी मारतात ती आंतरप्रवाही, झाडात भिनणारी, ती साल काढून पूर्ण जातील असं धरून चालता येत नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे वाळवणं. साधारण चार किलो रसाची एक किलो पोळी होते, गेलं ते पाणी. रसात जे आहे ते उन्हात उडून गेलं नाही तर पोळीत चौपट होऊन बसतं. म्हणजे रस नियमात बसेल आणि त्याच रसाची पोळी बसणार नाही, असं होऊ शकतं, आणि त्यात कोणी काही भेसळ केलेली नसते!

नियम काय आहे? एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, २०११ चं रेग्युलेशन आहे, त्यात कुठल्या पिकात कुठलं औषध किती चालेल याची यादी आहे, आणि जिथे आकडा ठरलेला नाही तिथे सरसकट ०.०१ मिलीग्रॅम प्रति किलो. हे किती बारीक आहे बघा, २० किलोचे ५,००० क्रेट भरले तर त्या सगळ्या आंब्यात मिळून एक ग्रॅम. मला हा आकडा कडक वाटतो आणि तो कडकच असावा असंही वाटतं. पण प्रक्रिया झालेल्या मालाचं काय? युरोपने २००५ च्या कायद्यातच लिहून ठेवलंय की सुकवलेल्या, आटवलेल्या पदार्थाला कच्च्या मालाचीच मर्यादा लावायची, पण सुकवल्यामुळे किती वाढलं ते हिशोबात धरून. हे मला पटतं. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने आपल्या मसाल्यांची काही पाकिटं इथिलीन ऑक्साइडवरून (जंतू आणि कीड मारायला वापरतात तो वायू) बाजारातून काढायला लावली ते आठवत असेल, आणि त्याच महिन्यात आपल्याकडे भारतात नोंदणीच नसलेल्या औषधांसाठी मसाल्यातली मर्यादा ०.०१ वरून ०.१ केली. वाळलेल्या मालात आकडा चढतो हे मी स्वतःच वर लिहिलं, पण त्यावर सरसकट दहापट सूट हे उत्तर नाही. मिरची किती वाळते, वेलची किती वाळते, आंबापोळी किती आटते, प्रत्येकाचं मोजा आणि लिहा.

आपल्याकडे हे सगळं बाटलीपासून सुरू झालं. २००३ साली सॉफ्ट ड्रिंक्समध्ये कीटकनाशकं सापडली, शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली, २००४ मध्ये त्यांनी ते निष्कर्ष बरोबर ठरवले. बाटलीबंद पाण्याला तर एका औषधासाठी ०.०००१ मिलीग्रॅम प्रति लिटर इतकी मर्यादा आली. पण बाटली तपासून काय होणार, औषध बागेत ठरतं ना. औषधाची नोंदणी कृषी खात्याच्या १९६८ च्या कायद्याखाली, खाण्यातली मर्यादा आरोग्य खात्याकडे, आणि मधे बागायतदार ढगाळ हवा बघून पंप काढतो कारण मोहोर गेला तर वर्ष गेलं. त्याला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. अवकाळी पडला की एक फवारणी वाढते, दुकानदार सांगेल ते औषध वाढतं.

एक्सपोर्टच्या आंब्याची नोंद ठेवतात, बाग रजिस्टर असते. कॅनिंगच्या आंब्याला कोण विचारतं? दहा बागांचा माल एका टेम्पोत, एका कढईत. मी शेजारच्या काकांना विचारलं शेवटची फवारणी कधी मारली, तर म्हणाले, "अगो बाय, तां कोण लिवन ठेयता?" खरं सांगतात ते, कोणी कधी मागितलंच नाही. जो आंबा लंडनला जातो त्याची वही आणि जो आपल्या पोरांच्या खाऊत जातो त्याला काही नाही, हे मला सहन होत नाही.

माझं म्हणणं एवढंच की कॅनिंगच्या प्रत्येक क्रेटवर चिठ्ठी सक्तीची करा, औषधाचं नाव आणि शेवटच्या फवारणीची तारीख. औषधाच्या डब्यावर लिहिलेला, फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचा काळ झाला की नाही ते घेणाऱ्याला तिथेच कळेल. आणि टेस्टचा खर्च माझ्यासारख्या बाईवर टाकू नका, एका सॅम्पलची फी ऐकली तेव्हा माझ्या बऱ्याच पाकिटांचा नफा त्यात गेला असता. तालुक्याला सॅम्पल गोळा करून सरकारी लॅबला पाठवता येतील की. कोकमाला, फणसाला सहसा कोणी फवारत नाही, त्यामुळे सोलांचा (कोकमाची वाळवलेली साल) आणि फणसाच्या साठांचा (फणसपोळी) फारसा प्रश्न नाही, प्रश्न हापूसचा आहे. फळमाशीसाठी दापोलीच्या विद्यापीठाचा रक्षक सापळा लावला तर काढणीच्या तोंडावरची फवारणी वाचते, तो सापळा प्रत्येक बागेत पोचवा.

यंदा मी तीनच बागांचा आंबा घेतलाय, तिघांनीही तारखा दिल्या. काकांनी तर कॅलेंडरवर तिथीच्या खाली पेन्सिलने औषधाचं नाव लिहायला सुरुवात केली, आणि दोन कलमांचा आंबा द्यायला नको म्हणाले, अजून दिवस भरले नाहीत म्हणून. आम्ही पाच जणींनी पैसे काढून एक सॅम्पल लॅबला पाठवलंय. रिपोर्ट आला की त्या पुण्याच्या ताईंना आधी पाठवणार, मग इथे टाकते, आकडा कसाही येवो.