किटलीतले व्हिनेगर

आमच्याकडे बोअरचे पाणी येते आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी किटलीच्या तळाशी क्षारांचा पांढरा, खरखरीत थर धरतो. तो निघावा म्हणून मी वाटीभर व्हिनेगर ओतून किटली रात्रभर तशीच ठेवते. बारीक बुडबुडे संथपणे येत राहतात आणि सकाळी तळ लख्ख झालेला असतो. पाठ्यपुस्तकाने ज्याला ‘सौम्य आम्ल’ म्हटले, त्या व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाला हे काम कसे झेपते, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

शाळेत असताना पाणी घातलेले आम्ल ते सौम्य, अशी माझी ठाम समजूत होती. पण विरल की संहत हे पाणी किती यावर ठरते, तर तीव्र की सौम्य हा रेणूचा स्वभाव आहे. (काच खाणारे हायड्रोफ्लुओरिक आम्लही सौम्यांतच मोडते, तेव्हा या नावावर फार विसंबू नये.) हायड्रोक्लोरिक आम्लाचे विरल द्रावणात जवळजवळ पूर्ण विचरण होते, म्हणजे रेणू फुटून आयन (विद्युतभारित कण) सुटे होतात; ०.१ मोलार (मोलार हे संहतेचे माप) ॲसेटिक आम्लात मात्र शंभरांतला जेमतेम एखादा रेणू आपला हायड्रोजन आयन सोडतो आणि बाकीचे मूठ झाकून असतात. हे सोडणे आणि परत घेणे अखंड चालू असते, पण दोन्हींचा वेग सारखा असल्यामुळे हिशेब हलत नाही. गंमत म्हणजे पाणी वाढवले की सुटणाऱ्यांचे प्रमाणही वाढते, ०.०१ मोलार द्रावणात ते सुमारे ४ टक्के होते. हा नियम विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये मांडला.

कॉलेजात ०.१ मोलारच्या या दोन्ही आम्लांच्या २५ मिलिलिटरला उदासीन करायला ब्युरेट या मापनळीतले तितक्याच मोलारचे सोडियम हायड्रॉक्साइड सारखेच, २५ मिलिलिटर लागले होते. वाचने जुळली, वही तपासून झाली, आणि मी निवांत झाले. सौम्य आम्लाला कमी का लागले नाही, हे विचारायचे राहूनच गेले. मोकळे आयन कोणी उचलले की समतोल ढळतो, तो सावरण्यासाठी आणखी रेणू विभागतात, आणि मागणारा थांबला नाही तर झाकलेली प्रत्येक मूठ उघडते. किटलीतल्या पांढऱ्या थरातले कॅल्शियम कार्बोनेट रात्रभर असेच मागत बसते आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड उडून जात असल्याने परतीची वाटही उरत नाही.

किटली तीनदा विसळली तरी सकाळच्या पहिल्या चहाला किंचित आंबूस वास येतोच. आयन काही हवेत उडत नाहीत. नाकापर्यंत पोचतात ते अजून मूठ न उघडलेले रेणू.