पाठीला पाठ लावून फोन

आज लिंकच्या, म्हणजे कॅनडात नवीन आलेल्यांसाठीच्या इंग्रजीच्या वर्गात फोनवर बोलायचा सराव होता. बाईंनी दोघींच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या. तोंड दिसायचं नाही, हातवारे चालायचे नाहीत, नुसता आवाज! माझ्या वाट्याला सीरियाची एक शिवणकाम करणारी मावशी आली. ती रिसेप्शनिस्ट, मी पेशंट. तिने मला थेट पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट दिली, वर 'डॉक्टर व्हेरी बिझी' म्हणून दटावलंही. हुबेहूब 😄

कॅनडात नवीन आलेल्यांनो, पीआर (कायम राहण्याचा परवाना) असेल तर हे वर्ग फुकट असतात, खर्च सरकारचा. आधी परीक्षा घेऊन लेव्हल ठरवतात. नागरिकत्व मिळालं की मात्र लिंकचा हक्क संपतो, तेव्हा 'बघू पुढच्या वर्षी' करू नका. नागरिकत्वासाठी 18 ते 54 वयाच्यांना ऐकण्या-बोलण्याची लेव्हल 4 पुरते. नोकरीला तेवढ्यावर भागत नाही. मला पर्सनल सपोर्ट वर्करचा, म्हणजे आजारी-म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्या मदतनिसाचा कोर्स करायचाय, त्यामुळे लिहिण्याचीच जास्त धास्ती.

'नवऱ्याला येतं की, तुला कशाला?' असं गावाकडून अजून विचारतात. अहो, माझी दाढ दुखते हेसुद्धा ह्यांनीच सांगायचं का?

वर्ग सुटल्यावर बसस्टॉपवरूनच दाताच्या दवाखान्यात फोन लावला. क्षीरसागर या आडनावाचं स्पेलिंग एकेक अक्षर करून सांगताना घाम फुटला, पण गुरुवारची वेळ मिळाली. ह्यांना कळवलं तर म्हणतात, "माझीही घे की एक!"