देव जळतो का?

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, रविवारच्या शाळेत मी नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना शिकवते. जुलैमधल्या एका रविवारी, बाहेर पावसाने भायखळ्याचे रस्ते भरलेले असल्यामुळे जेमतेम सात मुले आली होती आणि आमचा दहा आज्ञांचा पाठ चालला होता. मूर्तिपूजेला मनाई करणारी दुसरी आज्ञा वाचण्याची पाळी ज्याच्यावर आली तो मुलगा "कारण मी तुझा देव परमेश्वर ईर्ष्यावान देव आहे" या शब्दांपाशी अडखळला. त्याने मला ईर्ष्यावानचा अर्थ विचारला, पण मी तोंड उघडण्याआधीच शेजारची मुलगी म्हणाली, "जळकुटा." तेव्हा त्याने अगदी गंभीरपणे विचारले, "टीचर, म्हणजे देव जळतो?"

सगळे हसले, मीही हसले, आणि पुढच्या रविवारी सांगते असे म्हणून मी पाठ पुढे नेला. वीस वर्षे शिकवूनही या प्रश्नाचे धड उत्तर आपल्याजवळ नाही, याची लाज मात्र घरी पोहोचेपर्यंत वाटत राहिली.

मराठी कानाला हे विशेषण देवाच्या नावाआधी खटकणारच. षड्रिपूंची यादी आपण ख्रिस्ती घरांतही ऐकत वाढतो, आणि तिच्यात मत्सर शेवटी येत असला तरी तोच सर्वांत क्षुद्र वाटतो. क्रोधाला निदान काही भव्यता असते, मत्सर हा नळावरच्या भांडणातला. त्यातून पवित्र शास्त्रच दुसऱ्या ठिकाणी सांगते, "प्रीती हेवा करीत नाही." देव प्रीती आहे आणि प्रीती हेवा करीत नाही, तर मग देव ईर्ष्यावान कसा, हा हिशेब दहा वर्षांच्या मुलालाही जमतो.

मी शब्दापासून सुरुवात केली. ही आज्ञा येते त्या 'निर्गम' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात मूळ हिब्रू शब्द 'कन्ना' असा आहे. हे रूप बायबलच्या जुन्या करारात सहा वेळा येते आणि सहाही वेळा ते देवासाठीच वापरलेले आहे. माणसांच्या वाट्याला त्याच धातूची दुसरी रूपे येतात: राहेल आपल्या बहिणीवर जळते, योसेफाचे भाऊ त्याच्यावर जळतात. ग्रीकमध्येही अशीच गंमत आहे. 'प्रीती हेवा करीत नाही' असे करिंथच्या मंडळीला लिहिणारा प्रेषित पौल त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, अकराव्या अध्यायात, मी तुमच्याविषयी देवाच्या ईर्ष्येने ईर्ष्यावान आहे अशा अर्थाचे लिहितो, आणि दोन्ही ठिकाणी धातू एकच आहे. पौलाला आपण आधी काय लिहिले याचा विसर पडला असेल, असे मला वाटत नाही. (मुंबईला हिब्रूचे वावडे कधीच नव्हते, हे जाता जाता सांगते. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले होते आणि मशीद बंदरजवळचे बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे सभास्थान तर १७९६ पासूनचे.)

या गुंत्यातून मला बाहेर काढले ते आपल्या रोजच्या मराठीने. हेवा आणि ईर्षा हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरत नाही. हेवा दुसऱ्याच्या ताटाकडे पाहतो. पण परळच्या मैदानात आपला संघ दोन गुणांनी मागे असताना शेवटच्या चढाईला निघालेला कबड्डीपटू 'ईर्षेला पेटला' असे आपण म्हणतो, नापास झालेली मुलगी पुढच्या वर्षी 'ईर्षेने' अभ्यास करते, आणि त्यात निंदेचा लवलेशही नसतो. जे आपले आहे ते हातचे जाऊ द्यायचे नाही, हा त्या शब्दातला जोर आहे. पेटणे हे क्रियापद त्याला कसे चिकटले मला ठाऊक नाही, पण बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात 'भस्म करणारा अग्नी' आणि 'ईर्ष्यावान देव' ही वर्णने एकाच वचनात शेजारी शेजारी येतात, तेव्हा ते क्रियापद फार जवळचे वाटते.

तरी शब्दांचा कीस काढून मुलांचे समाधान होत नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. मला आठवली ती माझी आजी.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांत माझा साचेखात्यातला धाकटा काका होता. मी तेव्हा दहा वर्षांची होते. दहा बाय बाराच्या आमच्या खोलीत आजी, आईवडील, काका आणि आम्ही तीन भावंडे राहत होतो. पहिले दोनतीन महिने काका सभांना जात असे. पुढे सभा कमी झाल्या, रिकामा वेळ वाढला आणि तो मटक्याचे आकडे लावू लागला. आजी पापड लाटून जे पैसे मिळवी त्यातले दुधासाठी म्हणून त्याच्या हाती दिलेले पैसेही एक दिवस आकड्यावर गेले, तेव्हा घरात कळले.

त्यानंतर आजीने जे केले ते साऱ्या चाळीने पाहिले. रोज संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ती अॅल्युमिनियमच्या डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन निघे आणि गल्लीच्या तोंडाशी, पानाच्या टपरीमागे जिथे चिठ्ठ्या लिहिणारा बसत असे, त्याच्या बरोबर समोरच्या पायरीवर जाऊन बसे. काका आला की ती एवढेच विचारी, "जेवलास का?" गॅलरीतल्या बायका म्हणत, म्हातारीला वेड लागले आहे, तिशीच्या घोड्याच्या मागे फिरते. एकदा मी तिच्याबरोबर होते. काका सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडला, "आई, तू माझी अब्रू घालवतेस," आणि त्याचा हात लागून डबा पायरीवर उपडा झाला. आजीने खाली वाकून सुकट एकेक करून गोळा केली, भाकरी झटकली, डब्याचे झाकण लावले आणि म्हणाली, "तुझी अब्रू घरातलीच आहे. ती न्यायलाच आलेय मी."

ती शांत बाई होती असा कोणाचा समज होऊ नये. दुसऱ्या दिवशी तिने त्या चिठ्ठीवाल्याला असे काही सुनावले की टपरीवरची माणसे पांगली. तिचा राग काकावर होता, त्या माणसावर होता, त्या जागेवर होता. पण तिला हेवा कोणाचाच नव्हता, कारण हेवा करावा असे त्या चिठ्ठीवाल्याजवळ होते तरी काय? त्याच्याजवळ तिचा मुलगा होता, आणि तो त्याचा नव्हता.

बायबलमधले संदेष्टा होशेय याचे पुस्तक मी त्यापूर्वी अनेकदा वाचले होते. आजी आठवल्यावर ते पुन्हा वाचताना दुसऱ्या अध्यायातल्या एका तक्रारीपाशी मी थांबले. धान्य, द्राक्षारस आणि तेल मीच तिला दिले हे तिला समजले नाही, मी दिलेले रुपे आणि सोने तिने बआल या दैवतासाठी वापरले, असे परमेश्वर इस्राएलाला दगा देणारी पत्नी कल्पून म्हणतो. दुधाचे पैसे आकड्यावर लागले की असेच होते. ज्या मूर्तींविषयी संदेष्टे इतके चिडून बोलतात त्या नुसत्या निरुपद्रवी बाहुल्या असत्या तर देवाचे हे पेटणे अनाठायी वाटले असते. पण यिर्मयाच्या सातव्या अध्यायात हिन्नोमाच्या खोऱ्यात लोक आपली मुलेमुली अग्नीत होमत आहेत, आणि जे माझ्या मनातही आले नव्हते ते हे करतात, असे देव म्हणतो. ज्या देवाला अशा वेळी ईर्ष्या वाटत नाही त्याची मी उपासना करू शकणार नाही.

त्याच आज्ञेतले 'तिसऱ्या व चौथ्या पिढीपर्यंत' या शब्दांनाही मुले भितात. मी त्यांच्याकडे आता आमच्या खोलीतून पाहते. काकाच्या आकड्यांनी आजीच्या पाटल्या गेल्या, वडिलांना सोसायटीचे कर्ज काढावे लागले आणि माझ्या शाळेची फी दोन सत्रे थकली. एका छपराखाली तीन पिढ्या राहतात तेव्हा एकाचे पाप एकट्याचे राहत नाही, हे चाळीत वाढलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. आणि वाक्य तिथे संपतही नाही. लगेच पुढे दयेची गोष्ट येते आणि तिथे मोजणी हजारांत जाते.

इथे दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या पाहिजेत, कारण या वचनाचा गैरवापर मी जवळून पाहिला आहे.

पहिली शेजाऱ्यांची. 'ईर्ष्यावान देव' हे शब्द घेऊन शेजारच्या घरातल्या देव्हाऱ्यावर तोफ डागणारे उपदेश मी ऐकले आहेत. पण दहा आज्ञांची यादी सुरू होते ती 'ज्याने तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले तो मी' अशा ओळखीने. ती सोडवून आणलेल्यांना उद्देशून आहे, घरातल्यांना आहे, आणि संदेष्ट्यांचा आसूडही बहुतेक वेळा स्वतःच्याच लोकांच्या पाठीवर पडतो. संपाच्या काळात आजीसोबत रात्री जागणारी शेजारीण गळ्यात तुळशीची माळ घालणारी होती. तिच्याकडून गणपतीत आमच्या घरी मोदक येत आणि नाताळात तिच्या घरी आमच्या करंज्या जात. आजीला देवाची ईर्ष्या कळली होती, म्हणून तिने कधी शेजारणीचे ताट नाकारले नाही. माझ्या घरात मी कोणत्या वस्तूपुढे वाकते, पैशापुढे, मुलांच्या गुणांपुढे की मंडळीतल्या मानाच्या खुर्चीपुढे, हा त्या आज्ञेचा प्रश्न मला पुरेसा जड आहे.

दुसरी गोष्ट अधिक दुखरी आहे. काही वर्षांपूर्वी मंडळीतली एक तरुण स्त्री माझ्याजवळ रडली. तिचा नवरा तिचा मोबाइल रोज तपासत असे, ऑफिसातून घरी यायला लोकल चुकून वीस मिनिटे उशीर झाला तर कोणाशी बोलत होतीस म्हणून हात उगारत असे, आणि वर म्हणत असे, देवसुद्धा ईर्ष्यावान आहे, मी तर माणूस आहे. त्या वेळी मी तिला सहन कर असे सांगितले नाही याबद्दल देवाचे आभार मानते, पण त्या नवऱ्याला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नव्हते. उत्तर होशेयातच, अकराव्या अध्यायात होते: "मी देव आहे, मनुष्य नव्हे." आपल्या लोकांवरचा क्रोध आवरताना देव हे म्हणतो. इथे मनुष्य यासाठी असलेला 'ईश' हा हिब्रू शब्द पती या अर्थानेही चालतो आणि याच पुस्तकात दुसऱ्या अध्यायात तो त्या अर्थाने आलेला आहे. दगा देणाऱ्या पत्नीचे रूपक अध्यायानुअध्याय चालवल्यावर देव स्वतःच म्हणतो की मी नवऱ्यासारखा वागणार नाही. देवाच्या ईर्ष्येचा दाखला देऊन बायकोला कोंडणाऱ्याने हे वाक्य आधी पाठ करावे. पौलाची ईर्ष्यासुद्धा पाहण्यासारखी आहे: मंडळी ही वधू आहे आणि तिला ख्रिस्ताच्या हाती सुपूर्त करायचे आहे, म्हणून तो जिवाचे रान करतो, त्याला तिला स्वतःपाशी ठेवायचे नाही. त्या स्त्रीच्या घरात जे चालले होते ते राखणे नव्हते, ते पाळत ठेवणे होते.

यहेज्केलाचा सोळावा अध्याय मला आजही मुलांसमोर वाचता येत नाही, आणि मोठ्यांसमोर वाचतानाही माझा आवाज अडतो. ईर्ष्येचे रूपक तिथे इतके हिंस्र होते की वरचे सगळे स्पष्टीकरण अपुरे पडते. ते अपुरे आहे हे मान्य करून मी तो अध्याय बाजूला ठेवते आणि काही महिन्यांनी परत उघडते.

पुढच्या रविवारी पाऊस उघडला होता आणि मुले अकरा होती. मी त्यांना जखऱ्याचा आठवा अध्याय काढायला लावला. दुसऱ्या वचनात परमेश्वर म्हणतो की सियोनेसाठी, म्हणजे यरुशलेमेसाठी, मी अतिशय ईर्ष्यावान झालो आहे, आणि मी मुलांना विचारले की एवढी ईर्ष्या पेटल्यावर देव काय करील असे तुम्हांला वाटते. कोणी म्हणाले वीज पाडील, कोणी म्हणाले पूर आणील. मग आम्ही पुढे वाचले. चौथ्या आणि पाचव्या वचनांत यरुशलेमेच्या रस्त्यांवर म्हातारे आणि म्हाताऱ्या हातात काठ्या घेऊन बसलेल्या आहेत, आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरले आहेत. "बस, एवढंच?" असे कोणीतरी म्हणाले.

मग मी त्यांना आजीची गोष्ट सांगितली, डब्यासकट. देव जळतो का असे विचारणारा मुलगा पूर्ण वेळ काही बोलला नाही. वर्ग सुटल्यावर चपला घालता घालता तो मागे वळला आणि त्याने विचारले, "टीचर, तुमची आजी तिथे किती दिवस बसली?"

"पावणेदोन वर्षं," मी म्हणाले.

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यातपण. छत्री घेऊन."