सिंकखालचं युनिट उघडलं: पल्ले बदलायचे की अख्खा सांगाडा?

मंडळी, मागच्या नोंदीत स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या पल्ल्यांचं मेंब्रेन, म्हणजे वर चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म, सोलवटत चालल्याचं लिहिलं होतं, आणि बहुतेकांनी ‘सांगाडा (पल्ल्यांमागचे बॉक्स) ठेव, पल्ले बदल’ असा कौल दिला होता. सिंकखालचं युनिट रिकामं केलं आणि तो कौल डळमळला. पण त्याच खटपटीत ग्रॅनाइट नेमकं कशावर टेकलंय ते एकदाचं कळलं, आणि आमच्या स्वयंपाकघरापुरता निम्मा निकाल तिथेच लागला.

आधी ग्रॅनाइटचं सांगते. पुण्यातल्या बऱ्याच जुन्या इमारतींत बिल्डर कडप्प्याच्या उभ्या फरश्यांवर ओटा बांधून देतो आणि ट्रॉल्यावाला नंतर मधल्या खणांत प्लायचे बॉक्स सरकवतो. मॉड्युलर म्हणून एकहाती केलेल्या कामात मात्र ग्रॅनाइट बरेचदा थेट बॉक्सवरच बसवतात. तसं असेल तर सांगाडा बदलायचा म्हणजे ग्रॅनाइट उचलायचं, ते उचलताना डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या, टाइल्स फुटणार, त्याच नक्षीच्या टाइल्स आता मिळायच्या नाहीत म्हणून अख्खी भिंत नवी करायची, वर प्लंबर आणि गॅसची लाइन. खर्चाचा मोठा वाटा लाकडाबाहेरच जातो. आमच्याकडे दोन्ही बाजू प्लायने झाकलेल्या, त्यामुळे आतलं काहीच दिसत नव्हतं. सिंकवरची आडवी पट्टी काढली, फटीतून टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा आत सरकवला, तर मागे उभा काळाभोर कडप्पा, आणि प्लायचा वरचा काठ ग्रॅनाइटपासून चांगला बोटभर खाली! ओट्याचं वजन लाकडावर नाहीच. म्हणजे कुठलाही बॉक्स ग्रॅनाइटला हात न लावता काढता येतो. खालचे पीव्हीसीचे पाय फिरवून आखूड केले की बॉक्स खाली उतरतो आणि पुढे ओढता येतो.

आता दुखणं. सिंकखालच्या बॉक्सच्या बाजू प्लायच्या आहेत, पण तळाची फळी पार्टिकल बोर्डची निघाली. १८ मिमीची फळी मागच्या काठाला कॅलिपरवर २३ भरली. पार्टिकल बोर्ड एकदा असा फुगला की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही आणि स्क्रू धरत नाही, तेव्हा तिचा विषय संपला. बाजूच्या फळ्यांत खालचा चार बोटं भाग काळा पडलाय, टोच्या लोण्यात घुसावा तसा आत जातो, वर मात्र प्लाय टणक आहे. वरच्या हिंजच्या (बिजागरीच्या) प्लेटचे स्क्रू पक्के, खालच्या प्लेटचे नुसते फिरतात. एरवी अशा सैल भोकावर माझा उपाय ठरलेला आहे: १० मिमीचं भोक पाडायचं, फेव्हिकॉल मरीन लावून लाकडी डॉवेल (गोल खुंटी) ठोकायचा, वाळल्यावर स्क्रूसाठी नवं बारीक पायलट होल. पण डॉवेलच्या भोवतीचा प्लायच कुजला असेल तर डॉवेल कशाला धरून राहणार?

आणि पाणी कुठून येतंय हे कळल्याशिवाय नवे पल्ले लावणं काय किंवा नवा बॉक्स बसवणं काय, दोन्ही पैसे वाया. बराचसा वेळ या एका प्रश्नानेच खाल्ला. सगळे पहिला संशय सिंकच्या कपलिंगवर, म्हणजे तळाच्या जाळीच्या जोडावर, घेतात. मी कपलिंग, बॉटल ट्रॅप, दोन्ही अँगल कॉक आणि आरओची वाया जाणाऱ्या पाण्याची नळी, सगळ्यांना टिश्यू गुंडाळून ठेवले. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडलं. टिश्यू कोरडे. रात्रभर तसेच ठेवले, तरी कोरडे. मात्र भांडी घासून झाली की मागच्या भिंतीचा तळ ओला. यात एक खूण पहिल्यापासून समोर होती: फळी एवढी फुगली, पण तिच्या वरच्या सनमायकावर पाण्याचा एकही डाग नाही. पाणी वरून ठिबकत असतं तर वर डाग पडले असते. म्हणजे ते मागून येऊन उघड्या काठातून शिरत होतं.

मग ओटा भाग भाग करून ओला केला. आधी पुढची कड, मग सिंकची किनार, प्रत्येक वेळी मध्ये पुरेसं थांबून आणि आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवून. शेवटी नळामागे, डॅडो आणि ग्रॅनाइटच्या सांध्यावर बाटलीने पाणी सोडलं, आणि थोड्या वेळाने कागदाची मागची कड भिजली! त्या सांध्यात पांढरं सिमेंट भरलंय आणि त्याला केसाएवढा तडा आहे. पाणी तिथून भिंतीवरून उतरतं, मागच्या फळीच्या खालच्या काठाशी थांबतं आणि एज बँड (काठ झाकणारी पट्टी) नसलेल्या तळाच्या कच्च्या पार्टिकल बोर्डात मुरतं. माझं ठाम मत: उभ्या आणि आडव्या पृष्ठभागांच्या सांध्यात कडक भरणी भरूच नये, दोन्ही किंचित हलतात आणि ती तडकतेच. तिथे सिलिकॉनच हवं, तेही न्यूट्रल क्युअर (वाळताना आम्ल न सोडणारं), बुरशीरोधक. व्हिनेगरसारखा वास येणारं अ‍ॅसिटिक सिलिकॉन दगडाजवळ मी वापरत नाही. मल्टीटूलला (थरथरत्या पात्याच्या विजेच्या हत्याराला) ग्राउटचं, म्हणजे सांध्यातली भरणी काढायचं, पातं लावून सिमेंट खरवडून काढलंय, सांधा आता वाळू देतेय.

मल्टीटूलवरून आठवलं: लाकडाचं साधं पातं घेऊन जुन्या सुतारकामात शिरू नका. जागेवर बनवलेल्या बॉक्समध्ये कुठे खिळा लपला असेल सांगता येत नाही. कार्बाइडचं पातं महाग आहे, पण खिळ्यासकट कापतं.

बाकीच्या बॉक्सनी मात्र फार सुख दिलं. जागेवरचं काम म्हटल्यावर हिंजच्या प्लेटा मनाला येतील तिथे असणार असं धरून चालले होते. मोजलं तर जवळपास सगळ्या पुढच्या काठापासून बरोबर ३७ मिमीवर, म्हणजे हिंजच्या ठरलेल्या मापावर! कोण मिस्त्री होता माहीत नाही, पण त्याचा हात सरळ होता. त्यामुळे नवे सॉफ्ट क्लोज हिंज त्याच भोकांत बसतात. शेवटच्या बाजूंना झिरो क्रँक (सरळ हाताचे, पल्ला फळी पूर्ण झाकतो), दोन पल्ल्यांच्या सामाईक फळीला आठ क्रँक (वाकड्या हाताचे, पल्ला अर्धी फळी झाकतो). जुन्या पल्ल्यावरून हिंजच्या कपांची (पल्ल्यात बसणाऱ्या गोल वाट्यांची) उंची एका पट्टीवर उतरवून घेतली, त्यांची सपाट तळाची भोकं पाडणाऱ्या ३५ मिमीच्या फॉर्स्टनर बिटसाठी जिग (मार्गदर्शक साचा) केला, आणि चाचणीचा पल्ला पहिल्याच फटक्यात तिन्ही बाजूंनी सारखी फट ठेवून बसला. तो मी पुन्हा पुन्हा उघडून मिटून पाहिला.

पल्ल्यांसाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून एचडीएचएमआरचे (ओल सोसणाऱ्या, दाट दाबलेल्या फायबर बोर्डचे) आणि प्लायचे नमुने आणलेत. वरच्या कपाटांना १८ मिमी एचडीएचएमआर: सपाट राहतं, कड सुबक निघते. सिंकखाली मात्र आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, प्लायच. दुकानदार ‘मरीन’ म्हणाला एवढ्यावर जाऊ नका, शीटवर आयएसआयचा शिक्का आणि ७१० हा आकडा बघा. त्या मानकात तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. घरी तेवढं जमत नाही, पण दिवसभर जुन्या पातेल्यात उकळलं तरी हलक्या प्लायचे थर सुटायला लागतात. माझ्या एका नमुन्याचे सुटले, तो बाद. आणि सनमायका दोन्ही बाजूंना लावणार. आतून नुसता रंग मारून भागवलं तर पल्ला बाक धरतो.

तर योजना अशी होती: वरची कपाटं आणि ट्रॉल्यांचे बॉक्स ठेवायचे, फक्त पल्ले आणि उघड्या बाजू नव्या, सिंकखालचा बॉक्स पूर्ण नवा. पण हे लिहितानाच डोक्यात आलंय की ग्रॅनाइट कडप्प्यावर आहे तर सिंकखाली बॉक्स हवाच कशाला? दोन्ही कडप्प्यांना प्लायच्या उभ्या पट्ट्या, त्यांवर हिंज, मागे मोकळी भिंत, खाली टाइल आणि तिच्यावर बाहेर ओढता येणारा स्टीलचा ट्रे. ओल आली तर त्याच दिवशी दिसेल. आईला विचारलं, ती म्हणाली, “वाकून फडकं मारता आलं पाहिजे, बाकी तुला हवं ते कर.” म्हणजे पुढचं स्कर्टिंगही (पल्ल्यांखालची जमिनीलगतची पट्टी) त्या खणापुरतं काढून पल्ले थोडे खाली आणावे लागतील, आणि मग ते शेजारच्या पल्ल्यांच्या रेषेत राहणार नाहीत. त्याऐवजी क्लिपने निघणारं स्कर्टिंग ठेवेन बहुधा.

एक अडचण आहे. सिंकखालच्या बॉक्सच्या एका बाजूच्या फळीच्या मागच्या अंगाला शेजारच्या ट्रॉलीचं खालचं चॅनल (ट्रॉली सरकते ती पट्टी) बसवलेलं आहे, तेव्हा ती फळी गेली की ट्रॉलीलाही नवा आधार द्यावा लागेल. कडप्प्याला काठाजवळ ड्रिल मारायची माझी तयारी नाही, त्याचे टवके उडतात. काठापासून आत भोक पाडून अँकर आणि जोडीला इपॉक्सी, असं मनात आहे. कोणी कडप्प्यावर प्लायची पट्टी नुसत्या इपॉक्सीने चिकटवून तिच्यावर हिंज किंवा चॅनल लावलंय का? किती वर्षं टिकलं आणि दगड आधी किती घासून घेतला, ते लिहा. शीट कापायला देण्याआधी मला हे ठरवायचंय.