रात्री दोनला उठणारं मूल

"मावशी, रात्रभर झोपतच नाही हो हा. काय करू?" सकाळी मूल सोडायला आलेल्या आया पाळणाघराच्या पायरीवर हमखास हे विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. मूल दीड ते चार वर्षांचं आहे, ताप नाही, पोट भरलेलं आहे, असं धरून चालते.

रात्री जाग सगळ्याच मुलांना येते. तासा-दीड तासाने झोप पातळ होते, मूल कूस बदलतं, डोळे किलकिले करतं. झोपताना होतं तसंच सगळं जवळ असलं तर पुन्हा झोपतं. नसलं तर शोधायला लागतं. मांडीवर झोपलेल्या मुलाला गादीवर जाग आली की त्याला मांडीच हवी असते. त्यामुळे जे काही करायचं ते रात्री नऊला करायचं. दोनला आपणही अर्धवट झोपेत असतो, तेव्हा काही होत नाही.

आमच्याकडे एक मुलगी यायची. आईच्या कानाची पाळी दोन बोटांत चोळल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. रात्री जाग आली की अंधारात चाचपडत कान शोधायची. आईला कुशीवर वळायचीही सोय नव्हती. दुपारी आमच्याकडे आईचा कान कुठून आणणार? मी तिच्या आईची जुनी सुती ओढणी मागवून घेतली. आधी खूप रडली. मी शेजारी बसून थोपटत राहिले. मग रोज थोपटणं थोडं थोडं हळू केलं, पुढे नुसता पाठीवर हात ठेवला, मग तोही काढून जवळ बसून राहिले. ओढणीची काठाची शिवण अंगठ्याने घासत ती झोपायला लागली. मग आईने घरीही रात्री तेच केलं. रात्रीचं उठणं एकदम नाही थांबलं, पण उठली तरी ओढणी सापडली की पुन्हा झोपू लागली. "रडू दे, दमून झोपेल" हे मला पटत नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाजवळ मात्र सुटं कापड किंवा उशी ठेवू नका.

आपल्या नाशिकच्या सातपूर-अंबड या कारखान्यांच्या भागातल्या घरांतली अडचण वेगळी. बाबा सेकंड शिफ्ट करून मध्यरात्री येतात आणि त्यांची भेट व्हावी म्हणून मूल तोवर जागं ठेवतात. त्यामागची माया मला कळते. पण अति दमलेलं मूल जास्त वेळा उठतं. एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून 11 ते 14 तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास. बाबांना सकाळ द्या: अंघोळ, दूध, पाळणाघरात सोडणं. झोपायच्या आधी तासभर मोबाईल, टीव्ही बंद. आणि आपल्या नाशिकच्या थंडीत पांघरूण लाथाडणाऱ्या मुलाला गोधडीवर गोधडी घालण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायमोजे घाला.

आजी जायफळ उगाळून देत असतील तर त्यांना मानाने, पण स्पष्ट सांगा, नको. प्रमाण चुकलं तर ते बाधतं. झोप यावी म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध तर अजिबातच नको.

झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळत उठलं, डोळे उघडे पण तुम्हाला ओळखत नाही, असं झालं तर घाबरू नका. हलवून जागं करू नका, पडणार-लागणार नाही एवढं बघा. सकाळी त्याला काही आठवत नाही.

पण रोज घोरणं, तोंड उघडं टाकून श्वास घेणं, मध्येच श्वास अडकल्यासारखा वाटणं, यासाठी बालरोगतज्ज्ञांकडे जाच. टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढलेली असू शकते. झोपेत सारखे पाय झाडत असेल तर तेही सांगा, कधी कधी रक्तातलं लोह कमी असतं. जाताना घोरण्याचा व्हिडिओ मोबाईलवर काढून न्या, कारण दवाखान्यात मूल जागं असतं आणि डॉक्टरांना ते ऐकायला मिळत नाही.