मे महिन्यात टोमॅटोचं पाणी तोडलं त्याची गोष्ट

परवा संध्याकाळी आण्णा विहिरीवरून आले, हातपाय धुतले, ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "फुटवॉल उघडा पडायला लागलाय गं. उद्यापासून टोमॅटो बंद." बस एवढंच बोलले. फुटवॉल म्हणजे मोटरच्या पाईपच्या तळाचा व्हॉल्व्ह, तो उघडा पडला म्हणजे विहिरीचं पाणी तळाला गेलं. मी पण काही बोलले नाही कारण दिसतच होतं की, चार दिवस झाले मोटर पाऊण तासात हवा ओढायला लागतीये, मग बंद करायची, झरे भरायला तीन-चार तास द्यायचे आणि परत पाऊण तास चालवायची, त्यात या आठवड्यात लाईटची रात्रपाळी म्हणजे आमचे हे साडेदहाला बॅटरी घेऊन जातात ते दीड-दोनला घरी आणि पहाटे चारला परत विहिरीवर.

आमची जमीन अडीच एकर. पुण्याहून दिवे घाट चढून वर आलं की सासवडकडे जाताना रस्त्याच्या आत. पुरंदर म्हणजे पर्जन्यछायेचा तालुका, कऱ्हेच्या पात्रात मे महिन्यात नुसते दगड, त्यामुळे एप्रिल संपला की शेती म्हणजे एकच हिशोब असतो, विहिरीत किती आहे आणि ते कुणाला द्यायचं. सगळ्यांना थोडं थोडं दिलं तर सगळंच सुकतं, हे आम्ही एका वर्षी करून बघितलंय आणि त्या वर्षी जूनपर्यंत आमच्याकडे विकायला काहीच राहिलं नव्हतं.

टोमॅटोच का, तर तो आत्ता काही देतच नाहीये. दिवसाचं ऊन 35 डिग्रीच्या वर राहायला लागलं की टोमॅटोचा परागकण काम करत नाही, फुलं येतात आणि देठातून गळून जातात, आमच्याकडे तर पारा 39-40 ला टेकतोय. वरच्या फळांना उन्हाचे पांढरे चट्टे पडलेत, पानाखाली लाल कोळी झालाय. झाडं जगवली असती तर पावसानंतर कदाचित परत धरली असती, पण तोवर सहा गुंठ्यांचं रोजचं पाणी जाणार आणि तेच पाणी भेंडी आणि गवारीला दिलं तर दर शनिवारी गिऱ्हाइकांना जाणाऱ्या भाजीच्या टोपल्या भरतात. माझा जीव अडकला होता कारण फेब्रुवारीत रोपं मीच केली होती, एकेक ट्रे. पण आण्णांचं बरोबर आहे.

सध्याचा दिवस सांगते. पाचला आम्ही सगळे रानात. भेंडी दिवसाआड तोडावीच लागते, एक दिवस चुकला की जून होते आणि मग ती कुणी घेत नाही. गवारीला आणि भेंडीला कूस असते, ती घामाच्या अंगावर बसली की दुपारभर खाज, म्हणून आम्ही सगळ्या जणी जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतो आणि हातात मोजे. आठच्या आत तोडणी संपली पाहिजे. तोडलेला माल ओल्या गोणपाटाखाली झाकायचा आणि सरळ विटांच्या हौदात. हा हौद म्हणजे दिल्लीच्या पुसा संस्थेने काढलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष, विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, बास. लाईट लागत नाही. पाणी लागतं, हो, पण दोन-चार बादल्यांत भाजी दुसऱ्या दिवशीपर्यंत ताठ राहते आणि आमच्यासारख्यांना कोल्ड स्टोरेज कुठून आणायचं.

अकराच्या पुढे रानात कुणी जायचं नाही असा आईंचा नियम आहे आणि तो मला शंभर टक्के पटतो. फक्त एक काम असतं ते म्हणजे खारींचं पाणी. खारी तहानेने ठिबकची लॅटरल, म्हणजे ओळीतली बारीक नळी, कुरतडतात, मग एका भोकातून सगळं पाणी एकाच ठिकाणी जातं आणि पुढची ओळ कोरडी. दोन वर्षांपूर्वी आईंनी बांधाच्या कडेला फुटक्या मडक्यांच्या खापरात पाणी ठेवायला सुरुवात केली, तेव्हापासून कुरतडणं खूप कमी झालंय. लेकीला सुट्टी आहे तर ती खापरं भरायचं काम तिचं, नऊ खापरं आहेत आणि प्रत्येकाला तिने नाव ठेवलंय.

आम्हाला खरं तारलंय ते पाचटाने, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांनी. खालच्या गावातले ऊसवाले पाचट पेटवून देतात, आम्ही मार्चमध्ये दोन ट्रॉल्या मागून आणल्या आणि सगळ्या बेडवर चार बोटं जाड अंथरलं. भर दुपारी उघड्या मातीवर अनवाणी पाय ठेववत नाही आणि तिथेच शेजारी पाचट बाजूला करून बोट खुपसलं तर ओल लागते, गार लागतं. जीवामृत पण पाचटावरूनच सोडतो. हे नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीचं आंबवलेलं द्रावण, 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. उन्हाळ्यात ते लवकर आंबतं म्हणून ड्रम आंब्याखाली सावलीत ठेवायचा आणि दोन दिवसात वापरायचा, जास्त ठेवला तर वासावरूनच कळतं.

आता जे मनाला लागतं ते लिहिते. भेंडीवर पांढरी माशी आली आहे आणि तिच्यामुळे केवडा, म्हणजे पानाच्या शिरा पिवळ्या, मग अख्खं पान पिवळं, मग भेंडी पण फिकट. हा व्हायरस, आलेल्या झाडावर इलाज नाही, झाड उपटून लांब नेऊन पुरायचं. गेल्या आठ दिवसात 64 झाडं उपटली. बियाणं परभणी क्रांती आहे, ती केवड्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण इतक्या माशीपुढे ती पण कमी पडतीये. पिवळे चिकट सापळे लावलेत, दर पाच दिवसांनी निंबोळी अर्क मारतो. दुकानातून एक औषध आणून मारलं तर माशी दोन दिवसात खाली बसेल हे आम्हाला माहीत आहे, आणि कुणी बघायला पण येणार नाही. पण आमचं सेंद्रिय शेतीचं सर्टिफिकेट पीजीएसचं आहे, म्हणजे गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात, कमीत कमी पाच जण लागतात गटाला, आणि ज्या शेजाऱ्याने आमच्या कागदावर सही केली त्याच्याशी रोज बांधावर बोलणं होतं. त्याला तोंड कसं दाखवायचं? आणि टोपली घेणाऱ्या एका ताईंचं बाळ नऊ महिन्यांचं आहे, त्याला आमच्याच दुधीची खिमट देतात. मी भेंडी उपटेन, औषध मारणार नाही.

या शनिवारी 38 टोपल्या गेल्या. गवार, भेंडी, दोडका, चवळीच्या शेंगा, काकडी, लाल माठ. कोथिंबीर नाही म्हणून ग्रुपवर तीन जणींनी विचारलं, तर सांगते, शेडनेटखाली अर्धा गुंठा टाकलीये, पण या उन्हात ती वीतभर व्हायच्या आधीच फुलावर येते. त्याऐवजी घोळाची पालेभाजी दिली. ठिबकच्या प्रत्येक ड्रीपरखाली आपोआप उगवलेली आहे, कुणी पेरली नाही, मे महिन्यात आमच्या रानात सगळ्यात खुशीत तीच आहे. मुगाची डाळ आणि लसूण घालून करा, आंबटसर लागते. शेजाऱ्यांचे मीठा बहाराचे, म्हणजे उन्हाळी हंगामाचे, शेवटचे अंजीर पण प्रत्येकीला चार-चार घातलेत, त्यांना आम्ही भाजी देतो, ते अंजीर देतात, पैशाचा विषय नाही. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण झाडावर पिकलेलं अंजीर दुसऱ्या दिवशी मऊ पडतं, म्हणून आल्या आल्या खा, फ्रीजमध्ये ठेवून विसरू नका.

आणि टोमॅटो. बंद केलेल्या प्लॉटमधून काल सगळी हिरवी फळं उतरवली, तीन क्रेट निघाली. आईंनी पाट्यावर तीळ, शेंगदाणे आणि हिरव्या मिरच्या घालून चटणी वाटली, आज प्रत्येक टोपलीत एक डबी गेली. झाडं अजून उभी आहेत, पानं खाली लोंबलीत, उपटायला कुणी हात लावत नाहीये.

फक्त घराकडच्या शेवटच्या ओळीतली आठ झाडं हिरवी आहेत. ती आईंच्या माहेरच्या गावरान टोमॅटोची, फळ लहान, पातळ सालीचं, भयंकर आंबट. त्यांनी आण्णांना काही विचारलं नाही, रोज सकाळी डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी आणि आमचं तोंड धुतलेलं पाणी त्या आठ झाडांना घालतायत, तिन्हीसांजेला साडीच्या पदराने झाकून दोन तांबे अजून. त्यातल्या तीन झाडांना लाल चिंधी बांधलीये, म्हणजे ती बियाण्याची, त्याचं फळ तोडायचं नाही. आज सकाळी बघितलं तर आण्णा तिथे उकिडवे बसून त्या झाडांच्या बुडाशी पाचट लावत होते.